साठ मिलिमीटरचं खोटं

"सही करून टाका ना, हेतलचे बापू," जमकूबेन नवऱ्याला, मावजीभाईंना, म्हणाल्या. "एक ओळ तर आहे."

ती ओळ अशी होती : मी लायनर न मोजताच वहीत मापं लिहिली. खाली सही केली की कारखान्याचे मालक शामजीभाई मावजीभाईंना कामावर परत घेणार होते. तपासनीस म्हणून नव्हे, लोखंडाचा कीस झाडायला. मुदत आज चारपर्यंत.

मंडळी, माल परत आला की आपण आधी काय शोधतो? चूक नव्हे, माणूस शोधतो! राजकोटच्या त्या कारखान्यातही तेच झालं. इंजिनाचे दोनशे लायनर, म्हणजे दट्ट्या ज्यांत वरखाली होतो त्या नळ्या, परत आले, कारण दट्ट्या आत अडकत होता. वहीत मात्र प्रत्येकाच्या बोअरचं, आतल्या पोकळीचं, माप बिनचूक, खाली मावजीभाईंची सही. शिफ्ट सुटताना चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, शामजीभाईंनी त्यांना चारचौघांत खोटारडा म्हटलं. तेवीस वर्षांची नोकरी एका चहाच्या वेळात गेली. लेकीच्या, हेतलच्या, होणाऱ्या सासऱ्यांनी 'जरा थांबू या' असा निरोप धाडला.

"तुला तरी वाटतं का, मी खोटं लिहिलं?" मावजीभाईंनी विचारलं.

जमकूबेन बाजरीचा रोटला थापत राहिल्या. "माणूस आहे. येतो कधी कंटाळा."

हे मात्र त्यांना सोसलं नाही. भर दुपारी, सगळं राजकोट झोपलेलं असताना, कोणी भेटू नये म्हणून ते निघाले. खिशात तो कागद, पिशवीत आपला गेज आणि परत आलेला एक लायनर. मोजमापाची साधनं तपासून देणाऱ्या मुक्ताबेन तेवढ्या जाग्या होत्या.

"बेन, माझे डोळे गेलेत असं लिहून द्या. खोटारडा ठरण्यापेक्षा आंधळा ठरलेलं बरं."

"आधी मोजून तर दाखवा, आंधळेबापा."

मावजीभाईंनी डायलचा गेज बोअरमध्ये घातला. साठ मिलिमीटरच्या वर दोन शतांश, म्हणजे हवं तेवढंच. फिरवला, तरी दोन. पुन्हा फिरवला, पुन्हा दोनच.

"बघितलंत? खरं मोजलं तरी खोटंच ठरतं. आता मी भरवसा तरी कशावर ठेवू?" एवढं बोलून ते लहान मुलासारखे रडले.

मुक्ताबेननी त्यांना पाणी दिलं आणि कपाटातून तीन टेकूंचा मायक्रोमीटर काढला. त्याने मोजलं तर साठच्या वर पाच शतांश. जरासा फिरवला, तर साठच्या खाली एक!

"तुमचा गेज समोरासमोरच्या दोनच जागी टेकतो," त्या म्हणाल्या. "बोअर तीन बाजूंनी फुगलं, तर प्रत्येक फुगवट्यासमोर आत आलेला भाग येतो. इकडे वाढलं तेवढं तिकडे कमी. व्हर्नियर लावा, तोही हेच सांगेल. बाहेरून हे तीन डाग कसले?"

"कातताना नळी धरून ठेवणाऱ्या चकच्या जबड्यांचे. आवळताना जास्त जोर लागावा म्हणून चावीला पाइप घालतो आम्ही. एकदा कातताना नळीच चकमधून उडाली होती, तेव्हापासून शेठचा हुकूम आहे."

"पातळ नळी इतकी आवळली की दबते. दबलेली असतानाच तुम्ही ती आतून गोल कातता. सोडली की ती जबड्यांच्या जागी फुगते. तुमचे डोळेही शाबूत आहेत आणि वहीसुद्धा खरी आहे. चला."

कारखान्यात शामजीभाई वाटच पाहत होते. "झाली सही?"

"नाही," मुक्ताबेन म्हणाल्या. मायक्रोमीटर त्यांनी शेठच्याच हातात दिला. शामजीभाईंनी तो लायनरमध्ये घालून तीनदा फिरवला आणि खाली ठेवला.

"पाइपचा हुकूम कोणाचा?" मुक्ताबेननी विचारलं.

"माझा," ते हळूच म्हणाले.

"माल परत आला तेव्हा तुम्ही 'कोणी मोजलं' एवढंच विचारलंत. 'कशाने मोजलं' विचारलं असतंत, तर पाच मिनिटांचं काम होतं."

"माझी चूक झाली, मावजीभाई. उद्यापासून वही तुमच्याकडे."

"खोलीत नको, शेठ. लारीवर बोला," मावजीभाई म्हणाले.

शिफ्ट सुटली तेव्हा शामजीभाई लारीवर गेले आणि सगळ्यांदेखत आपली चूक बोलले. हेतलच्या होणाऱ्या सासऱ्यांसाठीही त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून मावजीभाईंकडे दिली.

घरी जमकूबेननी ती चिठ्ठी वाचली. त्यांचे डोळे भरून आले. "मला माहीतच होतं," त्या म्हणाल्या.

"नव्हतं, जमकू."

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. "हो, नव्हतं," मग म्हणाल्या. "मी तुम्हाला नीट विचारलंसुद्धा नाही."

मंडळी, कुणाला खोटारडा ठरवण्याआधी, तू हे कसं मोजलंस, एवढं तरी त्याला विचारा. बाहेरचे विचारतील न विचारतील. घरच्यांनी तरी विचारावं.