थोरलीचा पाट

"हे एल्टेस्टे-फेल्टेस्टे काहून घोकून राहिली ही सकाळपासून? डोकं उठवलं मेलीनं," बेबीताई ओट्याशी पुटपुटली. शेजारी वेलदोडे सोलत बसलेल्या अंजनीला ते नीट ऐकू आलं.

अंजनी आज कोजागिरीला शहपुऱ्याहून आली होती. दोन वर्षांची अंजनी बेबीताईनं आपल्या मूल नसलेल्या बहिणीला दिली, त्याला तेहतीस वर्षं झाली. तेव्हापासून बेबीताई तिची मावशी. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कोणी बोलत नव्हतं.

"दीदी, प्रश्न विचार ना! सोमवारी परीक्षा आहे," बैठकीतून बेबीताईच्या लेकीनं, यशश्रीनं हाक मारली. नर्सिंग करून ती जर्मनीला निघाली होती.

अंजनीनं वही उघडली. देवनागरीत लिहिलेलं अडखळत वाचलं, "हाबेन झी गेश्विस्टर?" खाली अर्थ होता : तुम्हाला भावंडं आहेत?

"इश हाबे आइनेन ब्रूडर. इश बिन डी एल्टेस्टे." यशश्रीनं मान उडवली. "एक भाऊ आहे. मी सगळ्यात मोठी."

"अच्छा."

जर्मनीचा अंजनीला हेवा नव्हता. जावं पोरीनं खुशाल. हेवा होता पाटाचा. कोजागिरीला आई थोरल्या लेकराला ओवाळते, नवं कापड देते. शहपुऱ्याची आई होती तोवर अंजनीचाही पाट मांडला जाई. ती फाल्गुनात गेली. आज इथे एकच पाट होता आणि त्याभोवतीची रांगोळी अंजनीनंच काढली होती. मेली जमलीही छान होती.

"आणि परीक्षेत माझं विचारलं तर?" तिनं हसत हसत विचारलं.

"तू मावसबहीण ना. त्याला वेगळा शब्द आहे."

यशश्रीचा धाकटा भाऊ अनुपम मोबाइलवर आणखीच वाकला.

दिवेलागणीला बेबीताई तबक घेऊन आली. यशश्री पाटावर बसली. कुंकवाचं बोट तिच्या कपाळाशी गेलं आणि तिथंच थांबलं.

"मावशी, पंखा चालू आहे, ज्योत विझेल," अंजनी म्हणाली.

"मावशी नको म्हणू मला." बेबीताईनं बोट मागे घेतलं. "ऊठ यशू. सकाळपासून ऐकून राहिली मी. परीक्षेत खोटं सांगू नको. मोठी अंजनी आहे. माझ्या पोटची पहिली."