पक्की जलेबी

शरदिनीचा ओठ सुजायला लागला आणि अंबिकेने लेकीला जवळ ओढलं. महिन्यापूर्वी असाच सुजला होता. आधी ओठ, मग डोळे, मग अंगभर पित्तासारख्या गांधी आणि शेवटी छातीतली ती शिट्टी. तेव्हा पोर कशी वाचली ते मंगलागौरीलाच ठाऊक.

का सुजला होता, ते मात्र एकट्या अंबिकेला ठाऊक. तापातून उठलेल्या पोरीला बंगाली डॉक्टरांनी दुधात डबलरोटी, म्हणजे पाव, कुस्करून द्यायला सांगितलं होतं. "खमीर असतं, हलकी पडते," म्हणाले होते. दुर्गाघाटच्या दिनानाथशास्त्र्यांच्या घरात डबलरोटी! भट्टीतली, म्हणे ताडी घालून फुगवलेली! सासऱ्यांना कळतं तर घरात प्रायश्चित्त आणि बाहेर बहिष्कार. घाटावरचा एक यजमान त्यांच्या दारी उभा राहता ना. अंबिकेने चोरून चार घास भरवले, आणि पोर सुजली तेव्हा पापाचं फळ म्हणून तोंड शिवून बसली. बिंग फुटेल ह्या भीतीपायी डॉक्टरांनाही बोलावलं नाही.

पण आज तिने काहीच दिलं नव्हतं. आज नात खडखडीत बरी झाली म्हणून सासरेच हौसेने जलेबी घेऊन आले होते. तुपातली, म्हणून पक्की, सोवळ्यातही चालणारी. तिला कसला आलाय विटाळ?

"दृष्ट लागली," शास्त्रीबुवा म्हणाले. "घाबरू नकोस, सूनबाई. देवीपुढे ठेवून आणलीय. प्रसाद आहे हा. आणखी एक तुकडा खा गं, माझे आई, सगळं उतरेल."

"आजोबा, गला..." शरदिनीने गळा धरला. पुढे शब्द फुटेना.

अंबिकेला सासऱ्यांचंच सकाळचं बोलणं आठवलं. काय ते कौतुक! आपला हलवाई रातभर खमीर उठवल्याशिवाय जलेबी सोडत नाही म्हणून.

खमीर. म्हणजे ते पाप नव्हतंच! पण हे सांगायचं तर डबलरोटी सांगावी लागणार. सांगावं तर घर बुडतं, न सांगावं तर पोर जाते. तोवर तुकडा पोरीच्या तोंडाशी पोचला.

जन्मात सासऱ्यांसमोर मान वर न केलेल्या अंबिकेने त्यांच्या हातावर फटका मारला.

"नको, मामंजी! ह्यात खमीर आहे. डबलरोटीतलंच."

"तुला काय ठाऊक डबलरोटीतलं?"

"मी भरवली होती हिला. तेव्हाही अशीच झाली."

आता मामंजी विटाळ धुवायला स्नानाला उठणार, अंबिकेला वाटलं. ते उठले, पण सोवळ्यासकट पोरीला खांद्यावर टाकून गल्लीत धावले. "हटो भैया, हटो!"

दवाखान्याच्या दारात निम्मा मोहल्ला जमला. डॉक्टरांनी सुई भरता भरता विचारलं, "क्या खिलाया?"

"आज जलेबी. पिछली बार डबलरोटी," शास्त्रीबुवा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दोनों मैंने खिलाई."

डॉक्टरांनी एकदा अंबिकेकडे पाहिलं आणि सुई टोचली. अंबिका लेकीच्या छातीला कान लावून बसली. शिट्टी अजून वाजत होती.