गळती नाही, वापर आहे

लग्न राहूनच गेलेल्या मुद्रितशोधकाने निवृत्तीनंतर स्वयंपाकघर नवं करायला काढलं. ते पाहायला कुणी येणार होतं म्हणून नव्हे, तर चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्याच्या डोळ्यांत घरातला तो पिवळा गॅसचा पाइप रोज खुपत होता म्हणून. गॅसफिटर मोठा काटेकोर माणूस. जिप्सम बोर्डामागे एकही जोड येऊ न देता त्याने अखंड पाइप नेला, आत गॅस कोंडू नये म्हणून खाली-वर जाळ्या ठेवल्या, पाइपात दाब भरून मापकाचा काटा हलत नाही याची खात्री केली आणि मगच बोर्ड बसवला. भिंत इतकी गुळगुळीत झाली, की मुद्रितशोधक दोन दिवस तिच्याकडे नुसता पाहत राहिला. कौतुक करायला दुसरं होतंच कोण!

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला, शेगडी बंद असताना, मीटरचे आकडे सरकताना दिसले. अकरा मिनिटांनी थांबले. दुसऱ्या दिवशीही चारलाच, अकराच मिनिटं. वास कसलाच नव्हता.

फिटर धावत आला. जोडांना साबणाचं पाणी लावून झालं, दाब पुन्हा भरून झाला, काटा जागचा हलेना. मग गॅस सुरू करून दोघे मीटरसमोर बसले. चार वाजले, आकडे सरकू लागले आणि फिटरचा चेहरा उतरला.

"काका, ही गळती नाही. गळती काय घड्याळ बघून होते? हा वापर आहे."

"पण मागे तर बाहेरचीच भिंत. तिसरा मजला."

"तेच तर! परवा सकाळी येऊन बोर्ड कापतो. तोवर मेन कॉकला हात लावू नका. जिवाशी खेळ होईल."

कॉक बंद करून तो गेला.

दुसऱ्या दिवशी चारला बोर्डामागे लायटरची टकटक झाली. एकदा, दोनदा, मग बराच वेळ. पळून जावं असं मुद्रितशोधकाला वाटलं. पण उद्या भिंत कापली जाईल आणि हे घर पुन्हा पूर्वीसारखं रिकामं होईल, याची भीती त्याहून मोठी होती.

खालच्या जाळीतून बाईचा आवाज आला, जरासा वैतागलेला, हक्काचा.

"अहो, गॅस गेला वाटतं. बघता का जरा?"

आयुष्यात त्याला असं 'अहो' कुणी म्हटलं नव्हतं. तो उठला, मेन कॉकपाशी गेला आणि त्याने तो अलगद उघडला.

"बघ आता," तो म्हणाला.