फ्लेक्सची खोळ

त्या दिवशीही उषाबाई अंगणात शिलाई मशीनवर बसली होती. समोर लाखांदूरच्या चौकातून उतरवलेला वाढदिवसाचा फ्लेक्स पसरलेला, त्यावर कुण्या पुढाऱ्याचं हात जोडलेलं हसू. असल्या फ्लेक्सातून ती भाताच्या रोवणीच्या बायांसाठी पावसाच्या खोळी शिवायची. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत, बांधायला सायकलच्या फुटक्या ट्यूबच्या पट्ट्या. दिवसभर बांधीत, चिखलपाण्याच्या धानाच्या वाफ्यात, वाकणाऱ्या बाईला दुकानातला रेनकोट एक हंगाम पुरत नसे. ही खोळ पोरीबाळींपर्यंत चाले.

“काहून वो उषाबाई, हा साहेब माह्या पाठीवर बसवून देशीन का?” शेजारच्या चंद्रभागाबाईनं विचारलं.

“चेहरा आतून घेईन. मतं नेली, आता थोडा घाम तर गाळू दे त्याले.”

ओसरीवर वाचत बसलेली तिची लेक करुणाही पुस्तकाआड हसली.

खोळ झाली की ती अंगावर घेऊन करुणानं उकिडवं बसायचं आणि उषाबाईनं वरून बादली ओतायची, हा घरचा रिवाज. “गळते का वो?” “नाही गळत.” त्या घरात कौतुक म्हणून काय ते एवढंच.

चंद्रभागाबाईच्या खोळीचा एक खांदा तेवढा शिवायचा राहिला. सकाळी उषाबाई उठलीच नाही.

तिचं पुण्यानुमोदन आटोपलं, रोवणी लागली. चंद्रभागाबाईनं खोळीचं नावही काढलं नाही. डोक्यावर भिजकं पोतं घेऊन ती बांधीकडे जाताना करुणाला दिसली, आणि करुणानं मशीनवरची चादर काढली.

संध्याकाळी चंद्रभागाबाईनं बादली ओतली. पाणी सरळ करुणाच्या मानेत उतरलं.

“राहू दे माय. पोतं आहे मले.”

“थांबा मावशी.”

तिनं खोळ उलटीसुलटी करून पाहिली. आईनं शिवलेल्या खांद्याची दुमड खाली वळलेली होती, छपरावर कवेलू बसवतात तशी. करुणाची वर तोंड करून बसली होती. पाणी तिथंच साचत होतं. तिनं टाके उसवले, दुमड फिरवली, पुन्हा शिवलं.

दुसरी बादली फ्लेक्सवर तडतडली आणि कडेनं निघून गेली. आत ट्यूबचा रबरी वास होता. आईच्या हाताला यायचा तोच.

“गळते का वो?” बाहेरून चंद्रभागाबाईनं विचारलं.

“नाही गळत.”

चंद्रभागाबाईनं रिकामी बादली खाली ठेवली, तरी करुणा उठली नाही. मग आतूनच, बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, ती म्हणाली, “आई, किती मस्त शिवत होतीस वो तू.”