सत्तावीस नंबरचा दगड

कमानीत दगड त्रेचाळीस. हातोडीने वाजवल्यावर एकोणचाळीस ठणठणीत बोलले, चार बद्द. पोकळ दगड तीनपर्यंत असले तर पूल चालू राहणार होता, चौथ्याला बंद. चौथा निघाला सत्तावीस नंबरचा.

पूल तपासायला आलेल्या इंजिनिअर पोरीने पुन्हा हातोडी उचलली, तशी काकांनी तिचं मनगट धरलं. चाळीस वर्षं याच पुलाची डागडुजी करणारे गवंडी ते.

"एका दगडाला एकच टोला. दुसरा नाही."

"काका, माप तीनदा घ्यायचं असतं. एकदाच घेतलं तर तो नुसता अंदाज."

"दगड काय बहिरा आहे, तीनदा विचारायला? अगं, लागोपाठ तीन म्हणजे दार वाजवल्यासारखं होतं."

"उघडलंच तर चहा मागू."

काका हसले नाहीत. काकूचं डायलिसिस पुलापलीकडच्या गावात, आठवड्यातून तीनदा. दुसरा रस्ता नव्वद किलोमीटरचा. मागे एकदा पूल बंद होता, तेव्हा त्या रस्त्याने नेताना काकूची शुद्धच हरपली होती. म्हणून तर पूल बंद करण्याआधी तिला खात्री हवी होती. तिने मारले. एक, दोन, तीन.

आतून तीन आले.

"प्रतिध्वनी," ती म्हणाली. पण तिचे ठोके सारख्या अंतराचे होते. आतला तिसरा जरा रेंगाळला, कुणी विचारात पडावं तसा.

काकांनी दगडाला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"काय ऐकू येतंय?"

"विचारतंय, रिकामी जागा कोण भरणार." मग अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "गाडीतून पाणी आण बरं, पोरी. घशाला कोरड पडलीय."

ती चार मिनिटांत परत आली. परांचीवर काकांची थापी होती, शेजारी नीट घडी घातलेला चष्मा. खाली कोरडं पात्र, दोन्ही काठांना उघडं माळरान. लपायला झुडूपही नव्हतं. तिने हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या.

शेवटी तिने सत्तावीसवर एकच टोला दिला. ठण्ण.

पोकळ दगड आता तीन.

तिने त्याच्यावर तळहात टेकला आणि झटक्यात मागे घेतला. ओल शोधायचं थर्मामीटर तिने खिशातून काढलं. तिने ते एकेका दगडावर रोखलं.

सव्वीस: २१.४ अंश. अठ्ठावीस: २१.३.

सत्तावीस: ३६.८.