गुलाबी द्राक्षांची बरणी

त्या दिवशी हरताळ होता. ठाकुरद्वारच्या नाक्यावर सकाळपासून 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'चा गजर चालला होता आणि गिरगावातली झाडून सारी दुकानं बंद होती. गिऱ्हाईक नाही, तर बरणी आजच उघडू, असं मृणालिनीने ठरवलं. माल चोख आहे, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

तिचे वडील, आबा, गिरगावातले जुने वैद्य. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांची औषधी आसवं बरण्यांत मुरत. दारूबंदीचा जमाना, साहेब ज्याला वाइन म्हणतो ते इथे द्राक्षासव म्हणून चमच्याने पोटात जाई आणि कुणाची हरकत नसे. आता बरण्या मृणालिनी भरी, पण प्रत्येक बरणी आधी आबा चाखत. त्यांनी मान डोलावली तर बाटलीत, नाही तर मोरीत.

गेल्या साली फ्लूच्या साथीतून आबा उठले, तेव्हापासून मृणालिनीची एकही बरणी त्यांच्या पसंतीला उतरली नव्हती. दालचिनी जास्त, गूळ करपट, काही ना काही खोट निघायचीच. ही बरणीही बिघडली तर दुकान दादरच्या पुतण्याकडे, जयवंतकडे, सोपवायचं, असं त्यांनी बजावलं होतं. पोरीच्या हाताला चव नाही म्हणे!

म्हणून यंदा तिने मनुका बाजूला ठेवल्या आणि 'गुलाबी' जातीची ताजी द्राक्षं मागवली. नाव गुलाबी, रंग काळाजांभळा. बी मोठं, साल जाड, बाजारात फारसं कुणी विचारत नाही असं फळ. मसाला मात्र चिमूटभरही घातला नाही. फळाला स्वतःचं काही सांगायचं असतं, मध्ये आपण कशाला तोंड घालायचं, असं तिचं म्हणणं. हे ठाऊक होतं फक्त तिला आणि दुकानातल्या जुन्या गड्याला, कोंडीरामला. आबांना आधी सांगायला ती काही वेडी नव्हती.

कोंडीरामने बरणीच्या तोंडावरची कापडमाती फोडली. असा काही वास सुटला की तो "आयला!" म्हणून गेला आणि लगेच जीभ चावली.

आबांनी वाटीतलं लालभडक आसव तोंडात घोळवलं, गिळलं.

"लवंग पुढे येते," ते ठामपणे म्हणाले. "कोंडीराम, ओत मोरीत."

कोंडीराम जागचा हलला नाही. आजवरच्या बरण्या मोरीत का गेल्या, हे मृणालिनीला एकदम उमगलं. गप्प बसावं तर दुकान जातं, बोलावं तर आबांची अब्रू.

"कोंडीराम, मोर्चा कुठवर आला बघून ये जरा," ती म्हणाली. तो बाहेर गेल्यावर तिने दार लोटलं. "आबा, ह्यात लवंग नाही. नुसती द्राक्षं आहेत."

आबांचा चेहरा आधी तापला, मग उतरला.

"फ्लू झाल्यापासून गोड-आंबट एवढंच कळतं मला. वास येतच नाही. वैद्य म्हणून मिरवतो, आणि नाकाशी हिंग आहे की अत्तर, ते समजत नाही."

"मग माझ्या बरण्या का ओतल्यात?"

"चांगली म्हटली आणि वाईट निघाली तर? वाईट म्हणण्यात धोका नव्हता."

तिला राग आला, चांगला सणसणीत. पण आबा वाटी पुन्हा पुन्हा नाकाशी नेत होते. ते बघून तिचा राग टिकेना. तिने वाटी घेतली आणि एक घोट घेतला.

"आधी करवंद लागतं, उन्हात पिकलेलं. मग गुलाब, नुकता खुडलेला. जिभेच्या कडेला जांभळासारखं तुरट. फक्कड झालंय, आबा. असं गिरगावात कुणी केलेलं नाही."

आबांनी बरणी जवळ ओढली.

"कोंडीरामला बाटल्या धुवायला सांग," ते म्हणाले. "आणि जयवंतला म्हणावं, दादरलाच राहा." मग त्यांनी स्वतःच वाटी भरून घेतली, घोट घेतला आणि डोळे मिटले. "हं. सांग पुन्हा."

"आधी करवंद. मग गुलाब. मग कडेला तुरट..."

आबांनी हात वर केला.

"हळू गं," ते म्हणाले. "मी अजून गुलाबापाशीच आहे."