हात जातो तिथला रंग

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. भिंती रंगवायचा, चार बोटं रुंद, लाकडी मुठीचा. म्हाताऱ्या वस्तू आपली कहाणी सांगताना फार गोड बोलतात, असं मी ऐकून आहे. मला ते जमणार नाही. माझा विश्वासघात झाला आहे, आणि तो परक्यांनी नाही, घरच्यांनी केला आहे.

माझे केस घोड्याच्या शेपटीचे. अलेक्झांड्रियात बंदरामागच्या गल्लीत एका कारागिराने ते पत्र्याच्या पट्टीत ठोकून बसवले आणि मला बयूमी नावाच्या रंगाऱ्याच्या हातात दिलं. बयूमीला लोक नुकतंच ‘उस्ता’ म्हणू लागले होते. उस्ता म्हणजे कामातला गुरू. ही पदवी आमच्या शहरात कुठल्या शाळेत मिळत नाही, गिऱ्हाईक देतं तेव्हाच मिळते. त्याने अंगठ्याने माझे केस उलटे फिरवले, दोन गळले ते फुंकून टाकले आणि म्हणाला, “जरा ताठ आहे बेटा. पण चालेल.”

आम्ही चाळीस वर्षं बरोबर काम केलं. समुद्राच्या खाऱ्या हवेने आमच्याकडच्या भिंती फुगतात, पापुद्रे सुटतात. उस्ता आधी सगळं खरवडायचा, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायचा, घासकागद मारायचा आणि मग मला रंगात बुडवायचा. दोन हात ठरले असतील तर दोनच हात, पण पूर्ण. कपाटामागची भिंतसुद्धा त्याने कधी सोडली नाही. संध्याकाळी स्वतः जेवायच्या आधी तो मला धुवायचा.

जवळजवळ प्रत्येक घरात एकच वाद व्हायचा. रंग दोन तऱ्हेचे, भारी आणि साधा. भारी रंगावर डाग पडला तर ओल्या फडक्याने जातो. साधा दिसायला तसाच, पण पुसायला गेलं की फडक्याबरोबर निघून येतो. घरातल्या बायका भारी रंग सालोनला मागायच्या. सालोन म्हणजे पाहुण्यांची खोली. सोनेरी पायांच्या खुर्च्यांवर चादरी घालून ती वर्षभर बंद ठेवतात.

“मॅडम,” उस्ता म्हणायचा, “सालोनला कुलूप आणि स्वयंपाकघरात सहा जणांचे हात. भारी रंग कुठे हवा, तुम्हीच सांगा.”

“पण लोक काय म्हणतील, उस्ता?”

“लोक वर्षातून दोनदा येतात. तुमचा धाकटा दिवसातून चाळीसदा भिंतीला हात पुसतो. जिथे हात जातो तिथे भारी लावा. जिथे नुसती नजर जाते तिथे साधा खुशाल चालतो.”

त्या हसायच्या, चहा द्यायच्या आणि शेवटी भारी रंग सालोनलाच लावून घ्यायच्या. उस्ता त्यावरून कधी भांडला नाही. घर त्यांचं होतं. पण साध्याला भारी म्हणून त्याने कधी सांगितलं नाही. एकदा एका ठेकेदाराने साधा रंग भारी रंगाच्या बादलीत ओतून आमच्यापुढे ठेवला. उस्ताने मला एकदाच त्यात बुडवलं, भिंतीवर एक पट्टा ओढला आणि थांबला. मग मला धुतलं, कागदात गुंडाळलं, आणि ती भिंत तशीच सोडून आम्ही घरी आलो. तेव्हापासून मुहर्रम बे भागात कुणाला शंका आली की लोक म्हणायचे, “बयूमी म्हणालाय ना? मग झालं.”

मला त्या वाक्याचा गर्व होता. अजूनही आहे, म्हणून तर जास्त लागतं.

उस्ताचा एकुलता एक मुलगा गलाल. त्याच्या शाळेची फी, त्याचे बूट, त्याचं लग्न, सगळं माझ्याच केसांतून आलं. तो कस्टमच्या कचेरीत कारकून झाला आणि त्याने आयुष्यात कधी मला हात लावला नाही. त्याचंही मला वाईट वाटलं नाही. बापाचं कष्टाचं हत्यार मुलाच्या हाती जाऊ नये, असं उस्तालाच वाटत होतं.

मग काचबिंदूने उस्ताची नजर गेली. मला घरातल्या बोळातल्या खिळ्यावर टांगलं. त्याची खोली बाल्कनीला लागून होती. सकाळी उठायचा, चार पावलं टाकायची, बाल्कनीत बसायचं. खालून जाणारा येणारा हाक मारायचा, “सकाळ शुभ होवो, उस्ता!” कुणी भिंतीच्या ओलीवर उपाय विचारायचं, कुणी रंग विचारायचं. त्याचा दिवस मजेत जायचा.

गेल्या वर्षी गलालच्या मुलीचं, नेहालचं लग्न जमायला आलं. मुलाकडचे फातिहा वाचायला येणार होते. एकदा फातिहा वाचली की आमच्यात शब्द पक्का होतो. गलालला मात्र घोर लागला तो सालोनचा.

“बाबा,” तो म्हणाला, “तुमची खोली सालोनला जोडली, तर वीस माणसं आरामात बसतील.”

उस्ता चहा ढवळत राहिला. मग म्हणाला, “घे. पोरीसाठीच आहे. मला मागची खोली चालेल. पण मग बाल्कनीत यायला मला हा अख्खा बोळ चालावा लागणार. या भिंतीला भारी रंग दे. मी हात टेकत येणार, डाग पडणार, आणि इन्साफ चिडणार.”

“मी कशाला चिडू?” त्याची सून इन्साफ स्वयंपाकघरातून ओरडली.

“ही बघ, सुरुवात झाली.”

सगळे हसले. गलालने वाकून बापाच्या डोक्याचा मुका घेतला. “तुमचा शब्द माझ्या डोळ्यांवर, बाबा. बोळाला भारीच.”

रंगाच्या दुकानात उस्ता गलालबरोबर, मला काखेत घेऊन गेला. दुकानदाराने दोन रंगवलेल्या फळ्या पुढे केल्या. “उस्ता, या भारीवर मुलूखियाच्या पातळ भाजीची अख्खी वाटी सांडा. हिरवा डागसुद्धा राहायचा नाही.”

“सांडतो. आण वाटी,” उस्ता म्हणाला, आणि दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मग त्याने दोन्ही फळ्यांवरून तळवा फिरवला. “ही भारी. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी लागते. आणि ही साधी, हिच्यावर हात जरा अडतो.”

“डोळे गेले, पण उस्ता नाही गेला!” दुकानदार म्हणाला.

हे सगळं गलालने तिथे उभं राहून पाहिलं होतं. तरीही पुढे तो जे वागला त्याला काय म्हणावं, ते तुम्हीच सांगा.

भारी रंगाची एक बादली आली आणि साध्याच्या तीन आल्या. वासाचा त्रास नको म्हणून उस्ताला तीन दिवस त्याच्या बहिणीकडे तांता गावी पाठवलं. मला खिळ्यावरून काढून चपलांच्या कपाटावर ठेवलं होतं. रंगारी रोलर घेऊन आले आणि विचारू लागले की भारी बादली कुठे उघडायची.

“बोळात,” गलाल म्हणाला, आणि बोळाकडे बघत राहिला. मग सालोनच्या दारात जाऊन उभा राहिला. नवी मोठी खोली, वीस खुर्च्या, वर झुंबर. “नको,” तो म्हणाला. “सालोनलाच उघडा.”

इन्साफ दचकली. “आणि बाबांना काय सांगशील? तू शब्द दिलायस.”

“बाबांना दिसतंय कुठे?”

मित्रांनो, मी कपाटावर पडून हे ऐकलं. ज्याचं शिक्षण माझ्या केसांनी केलं त्याच्या तोंडून ऐकलं. मला तोंड असतं तर मी काय बोललो असतो ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही.

उस्ता परत आला. “बाबा, बघा तुमचा बोळ!” गलाल मोठ्याने म्हणाला. उस्ताने तळवा भिंतीवर ठेवला, दोन पावलं सरकवला, आणि तो हात थांबला. मग तो म्हणाला, “छान झालाय. सुखी राहा.”

त्याला कळलं होतं. मी त्या हाताला चाळीस वर्षं ओळखतो. मी वाट पाहिली की आता तो बोलेल, आता तरी बोलेल. तो बाल्कनीत जाऊन बसला आणि हाताला लागलेली पांढरी भुकटी अंगातल्या पायघोळ गलाबियाला पुसत राहिला.

महिन्याभरात भिंतीवर कमरेएवढ्या उंचीचा काळपट पट्टा उमटला. इन्साफने ओलं फडकं घेतलं. रंग फडक्यावर आला आणि खालची लांबी दिसू लागली.

“बाबा, भिंतीला हात लावू नका ना! पाहुणे यायचेत दहा दिवसांवर.”

“का गं? हा तर धुता येतो ना?”

इन्साफने नवऱ्याकडे पाहिलं. गलालने वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हटलं, “येतो बाबा. पण सारखा सारखा नाही.”

“असं होय,” उस्ता म्हणाला.

भिंतीला पुन्हा साध्याचाच एक हात मारला गेला. दुसऱ्या दिवशी उस्ता हात छातीशी धरून बोळातून निघाला आणि चपलांच्या कपाटावर आपटला. त्यानंतर तो बाल्कनीत यायचाच बंद झाला. खालून लोक हाक मारायचे आणि इन्साफ सांगायची की बाबांना बरं नाही.

फातिहाच्या दिवशी खुर्च्यांवरच्या चादरी निघाल्या. नेहाल आजोबांना हाताला धरून सालोनमध्ये घेऊन आली. नवऱ्या मुलाचे वडील हाजी शहाता हे आमचं जुनं गिऱ्हाईक. वीस वर्षांपूर्वी त्यांचं घर आम्हीच रंगवलं होतं. फातिहा वाचून झाली, बायकांनी आनंदाच्या किलकाऱ्या दिल्या, लाल सरबताचे पेले फिरले. मग शहाता म्हणाले, “उस्ता, आता कामाचं बोलू. पोरांचं घर रंगवायला काढलंय. दुकानदार म्हणतो भारी घ्या. माझा भाऊ म्हणतो, साधाच घे, उगाच उधळपट्टी नको. गलाल सांगतो, तुमच्या अख्ख्या घराला भारीच दिलाय. मला त्या कुणाचं ऐकायचं नाही. तू सांग, मी तसं करतो.”

“जिथे पोरांचा हात जाईल तिथे भारी द्या,” उस्ता म्हणाला. “स्वयंपाकघर, बोळ, निजायची खोली. सालोन साध्यात उरका.”

सगळे खो खो हसले. “बरं झालं बाई सांगितलंत!” विहीणबाई म्हणाल्या. शहातांनीही हसत विचारलं, “मग तुमच्या बोळात भारीच ना?”

गलालच्या हातातलं तबक वाजलं. उस्ताने मान त्या आवाजाकडे वळवली. मी पुन्हा खिळ्यावर टांगलेला होतो, दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. सांग, मी म्हणत होतो, सांग की साधा आहे. परक्या ठेकेदाराचं खोटंसुद्धा तू चालवून घेतलं नव्हतंस.

“भारीच आहे,” उस्ता म्हणाला. “सगळीकडे तोच आहे.”

चाळीस वर्षांत रंगाबद्दल तो पहिल्यांदा खोटं बोलला. मुलाची लाज नातीच्या सासरी उघडी पडू नये म्हणून बोलला, हे मला कळतं. पण मला ते सहन झालं नाही.

निघताना बोळात गर्दी झाली. बायकांना वाट द्यायला शहाता भिंतीला टेकून उभे राहिले. काळा कोट होता, खास या दिवसासाठी शिवलेला. ते पुढे झाले तेव्हा खांद्यापासून कोपरापर्यंत पांढरे झाले होते. त्यांनी कोटाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि हळूच बाही झटकली. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. उस्ता दाराशीच उभा होता. कपड्यावरची भुकटी झटकल्याचा आवाज त्याला ओळखता येत नाही, असं कसं होईल? त्याने आयुष्यभर रोज संध्याकाळी तेच केलं होतं.

“येतो उस्ता,” शहाता म्हणाले. भला माणूस.

दार लागल्यावर गलालने बापाचा हात धरून ओठांना लावला. “वाचवलंत, बाबा.”

उस्ताने हात सोडवून घेतला. “खोली दिली ती पोरीसाठी दिली. तिचं मला काही वाटलं नाही. आज तू माझा शब्दच हिरावून घेतलास.”

“उद्याच्या उद्या बोळाला भारी रंग देतो, बाबा! खरंच!”

“नको. आता भारी दिलास तरी माझ्या हाताला तो साधाच लागेल.”

आठवड्याने नेहाल आनंदाने सांगत आली, “आजोबा, आमच्या घराचा रंग ठरला! सासऱ्यांनी कुणी शेरबीनी म्हणून उस्ता आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला तसंच करणार आहेत.” बिचारीला काही ठाऊक नव्हतं.

“छान,” उस्ता म्हणाला. थोड्या वेळाने तो उठला, चाचपडत खिळ्याशी आला, आणि मला काढून सुनेच्या हातात दिलं. “हा टाकून दे. या घरात आता उस्ता कुणी नाही.”

माझे केस त्याने अंगठ्याने एकदा तरी फिरवावेत असं मला वाटत होतं. त्याने फिरवले नाहीत. हाही माझा विश्वासघातच, पण तो मी गलालच्या नावावर लिहितो.

इन्साफने मला टाकलं नाही. काम करणाऱ्याला टाकायला तिला जड गेलं असेल. ती आता माझ्याने शेगडीखालचे पावाचे तुकडे झाडते.

मित्रांनो, घराला रंग द्याल तेव्हा साधा परवडत असेल तर साधाच लावा. साध्या रंगाने कुणाचं वाईट केलेलं नाही. पण साधा लावून भारी म्हणून सांगू नका. आणि ज्याला दिसत नाही त्याला तर मुळीच सांगू नका, कारण तो तुम्हाला पकडणार नाही. तो सगळं ओळखून गप्प बसेल, आणि वेळ आली की तुमच्यासाठी खोटं बोलेल.

उस्ता अजून बोळातून न्हाणीघरापर्यंत जातो. दोन्ही हात गलाबियाच्या खिशात घालून जातो आणि मधेच कशावर तरी आपटतो. परवा शेजारीण आली होती, तिला इन्साफ कौतुकाने सांगत होती, “बघा ना, वर्ष होत आलं रंग देऊन, भिंतीवर एक डाग नाही.”